घरचे पाणी जड आहे, म्हणून सॉफ्टनर घ्यावाच काय?

बोअरच्या पाण्यावर राहणाऱ्या घरांत अलीकडे एक नवा खर्च शिरला आहे. विक्रेता दारात येतो, पेलाभर पाणी मागतो, त्यात पेनासारखे एक छोटे यंत्र बुडवतो आणि त्यावरचा आकडा दाखवून सांगतो, "पाहा, किती क्षार आहेत! सॉफ्टनर बसवा. नाहीतर गिझर जाईल, केस जातील, मुतखडा होईल." घरातली मंडळी घाबरतात आणि हप्त्याचा सौदा ठरतो. पुढे दर महिन्याला मिठाची गोणी लागते हे नंतर कळते.

आम्ही कापडाच्या धंद्यातले लोक. रंगाईच्या कारखान्यात सॉफ्टनर ही चैन नाही, जरुरीची वस्तू आहे. त्यामुळे हे यंत्र वाईट आहे असे आम्ही म्हणणार नाही. पण कारखान्याची जरुरी वेगळी आणि घराची वेगळी. कोणतीही वस्तू खरेदी करताना जो हिशेब आपण दुकानात करतो, तोच इथे करावा एवढेच या लेखात सांगायचे आहे.

जड पाणी म्हणजे काय?

ज्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम यांचे क्षार जास्त विरघळलेले असतात त्याला जड पाणी म्हणतात. उर्दूत याला भारी पाणी म्हणतात, मराठी शाळेच्या पुस्तकात दुष्फेन आणि बाजारात हार्ड वॉटर. नाव कोणतेही घ्या, ओळख एकच: साबणाला फेस येत नाही आणि पाण्यावर पांढरा साका तरंगतो.

पावसाचे पाणी मुळात मऊ असते. जमिनीत मुरताना ते मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्लधर्मी होते आणि खडकातले कॅल्शियम, मॅग्नेशियम विरघळवत खाली जाते. आपल्या दख्खनचा काळा पाषाण आणि मातीतली चुनखडी यांतून महिनोन्‌महिने झिरपलेले पाणी बोअरला लागते, म्हणून ते जड असते. मुंबईला तानसा, वैतरणा, भातसा या तलावांचे पावसाचे पाणी मिळते, म्हणून ते मऊ असते. मुंबईहून मराठवाड्यात किंवा खानदेशात आलेल्या पाहुण्याला आंघोळीच्या वेळी फरक लगेच जाणवतो तो यामुळेच.

हा जडपणा दोन प्रकारचा असतो. बायकार्बोनेटमुळे येणारा जडपणा पाणी उकळल्यावर निघून जातो आणि भांड्याला पांढरा थर बसतो. तो तात्पुरता जडपणा. सल्फेट आणि क्लोराइडमुळे येणारा जडपणा उकळून जात नाही. तो कायमचा. गिझर खराब करण्यात मुख्य वाटा पहिल्या प्रकाराचा असतो.

जड पाणी आणि खारे पाणी यांत गल्लत करू नये. अकोला, अमरावती, बुलढाणा या जिल्ह्यांत पूर्णा नदीच्या खोऱ्यात खारपाणपट्टा आहे. तिथे पाण्याला मिठाची चव लागते. सॉफ्टनर पाण्यातले मीठ काढत नाही. खाऱ्या पाण्यावर सॉफ्टनर बसवणे म्हणजे डोकेदुखीवर पायाला मलम लावणे.

रंगारी सॉफ्टनर का घेतो?

मालेगाव, भिवंडी, इचलकरंजी या यंत्रमागाच्या गावांतले कोरे कापड रंगाईला जाते तेव्हा पहिला सवाल पाण्याचा असतो. जड पाण्यात साबणाचा चिकट साका तयार होतो आणि सुतावर बसतो. जिथे साका बसला तिथे रंग नीट चढत नाही, आणि ठाणावर डाग दिसतात. कित्येक रंग कॅल्शियम, मॅग्नेशियमशी जुळून पाण्यातच फाटतात. शेड मळकट येते, रगडल्यावर रंग सुटतो. एका लॉटची शेड दुसऱ्या लॉटशी जुळत नाही आणि व्यापाऱ्याचा माल परत येतो. म्हणून डाइंग मास्टर पाण्याचा जडपणा साधारण ५० मिलिग्रॅमच्या खाली ठेवू पाहतो. सॉफ्टनर नसेल तर हौदात जडपणा बांधून ठेवणारे रसायन टाकतो. बॉयलरला तर जडपणा जवळजवळ शून्यच लागतो, कारण नळ्यांत थर बसला तर जळण वाया जाते आणि नळी फुटण्याचा धोका असतो.

म्हणजे कारखानदाराचे नुकसान मोठे आहे आणि ते मोजता येते. म्हणून त्याला सॉफ्टनर परवडतो. घरातही हाच कायदा लावावा: आधी नुकसान मोजा, मग इलाजाची किंमत पाहा.

घरात नुकसान कुठे होते?

पहिले नुकसान साबणाचे. १ ग्रॅम जडपणा साधारण ६ ग्रॅम शुद्ध साबण खाऊन टाकतो. समजा पाण्याचा जडपणा लिटरला ४०० मिलिग्रॅम आहे. १५ लिटरच्या बादलीत ६ ग्रॅम जडपणा झाला. त्या सबंध बादलीत साबणाने फेस आणायचा म्हटला तर फेस येण्यापूर्वीच सुमारे ३७ ग्रॅम साबण फुकट जाईल. डिटर्जंट पावडरचे नुकसान एवढे होत नाही. तिची घडण वेगळी असते आणि तिच्यात जडपणा आवरणारा सोडा वगैरे मिसळलेला असतो. म्हणून बोअरच्या पाण्याला साबणाच्या वडीपेक्षा पावडर बरी.

दुसरे नुकसान कपड्याचे. आमच्या दुकानात गिऱ्हाईक तक्रार घेऊन येते, "पांढरे कापड दिले होते, चार महिन्यांत करडे झाले." अशा वेळी कापड पाहण्याआधी घरी पाणी कसले आहे हे विचारावे. साका आणि चुन्याचे कण सुतात अडकतात, पांढरा रंग मळतो, गडद रंग फिका दिसतो, टॉवेल खरखरीत होतो. दोष दर वेळी विणकराचा नसतो.

तिसरे नुकसान गिझर, वॉशिंग मशीन, नळ आणि शॉवरचे. पाणी तापले की चुन्याचा थर हीटिंग एलिमेंटवर बसतो. थरामुळे उष्णता पाण्यापर्यंत उशिरा पोचते, वीज जास्त लागते आणि एलिमेंट लवकर जळते.

चौथी अडचण स्वयंपाकघरातली. जड पाण्यात तूरडाळ आणि हरभरा लवकर शिजत नाही, चहावर साय धरते. पण याला सॉफ्टनर हा इलाज नाही. डाळीपुरते नळाचे किंवा आरओचे पाणी वापरले की काम भागते.

आरोग्याची भीती किती खरी?

विक्रेत्याचा सर्वांत मोठा जोर इथेच असतो, म्हणून थोडे सविस्तर सांगतो. जागतिक आरोग्य संघटनेने जडपणासाठी आरोग्याच्या कारणावरून कोणतीही मर्यादा ठरवलेली नाही. कॅल्शियम आणि मॅग्नेशियम शरीराला लागणारे घटक आहेत. पिण्याच्या पाण्याचे भारतीय मानक, म्हणजे आयएस १०५००, याची आवृत्ती २०१२ साली निघाली. त्यात जडपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा असे म्हटले आहे, आणि दुसरे पाणी मिळतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतला आहे.

मुतखड्याच्या बाबतीत डॉक्टर पहिली गोष्ट सांगतात ती भरपूर पाणी पिण्याची. ज्याला खडा झालेला आहे त्याने आपल्या डॉक्टरचा सल्ला घ्यावा, विक्रेत्याचा नव्हे. लहान मुलांच्या इसबाबद्दल इंग्लंडमध्ये ३३६ मुलांवर रीतसर प्रयोग झाला. त्याचा निकाल २०११ साली छापून आला. घरात १२ आठवडे सॉफ्टनर चालवूनही नेहमीच्या औषधोपचारापेक्षा जास्त फायदा दिसला नाही. जड पाण्याने अंगावर साबण राहतो, कातडी कोरडी वाटते, केस चरबट होतात, हे खरे आहे. पण त्यावरून आजाराची भीती घालणे दुरुस्त नाही.

उलट धोका दुसरीकडे आहे. बोअरच्या पाण्यात नायट्रेट, फ्लोराइड किंवा जंतू असतील तर ते खरोखर घातक आहेत. चंद्रपूर, यवतमाळ भागांतल्या कित्येक गावांना फ्लोराइडचा त्रास आहे. यांतली एकही गोष्ट घरगुती सॉफ्टनर काढत नाही. घराने हजारो रुपये सॉफ्टनरवर घालायचे आणि मुलांनी नायट्रेटचे पाणी पीत राहायचे, अशी वेळ येऊ नये म्हणून तपासणी आधी करावी.

आधी मोजा, मग बोला

पेनासारख्या यंत्राने मोजतात तो टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या सर्व क्षारांचा अंदाज. त्यात साधे मीठही आले. तो जडपणाचा आकडा नव्हे. गंमत अशी की सॉफ्टनरमधून गेलेल्या पाण्याचा टीडीएस कमी होत नाही, कारण एक क्षार जातो आणि दुसरा येतो. काही विक्रेते पाण्यात दोन सळया सोडून वीज लावतात आणि पाणी तपकिरी झालेले दाखवतात. तो रंग सळईतल्या विरघळलेल्या लोखंडाचा असतो. असल्या खेळावर सौदा करू नये.

घरच्या घरी अंदाज घ्यायचा असेल तर दोन सारख्या बाटल्या घ्या. एकीत बोअरचे पाणी, दुसरीत पावसाचे किंवा बॅटरीचे पाणी घाला. दोन्हींत खऱ्या साबणाचे द्रावण सारखेच थेंब टाकून हलवा. डिटर्जंट वापरू नका. फेसातला फरक डोळ्यांना दिसेल. नेमका आकडा हवा असेल तर थेंब मोजण्याची किट मिळते. पाण्याचा लालसर रंग निळा होईपर्यंत थेंब टाकायचे आणि मोजायचे.

सर्वांत पक्का मार्ग प्रयोगशाळेचा. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या पाणी तपासणी प्रयोगशाळा जिल्ह्याच्या ठिकाणी असतात. तिथे एकूण जडपणा, अल्कलिनिटी, टीडीएस, क्लोराइड, नायट्रेट, फ्लोराइड आणि जंतू एवढे तपासायला सांगा. अहवाल हाती आल्यावर जडपणा आणि अल्कलिनिटी हे दोन आकडे शेजारी ठेवा. अल्कलिनिटी जडपणाएवढी किंवा जास्त असेल तर सगळा जडपणा तात्पुरता समजा. कमी असेल तर अल्कलिनिटीएवढा भाग तात्पुरता आणि उरलेला कायमचा.

काही कंपन्या आकडा ग्रेनमध्ये सांगतात. अमेरिकन पद्धतीचा १ ग्रेन म्हणजे लिटरला सुमारे १७ मिलिग्रॅम. पीपीएम म्हटले तर तो मिलिग्रॅमचाच आकडा समजा. १८० च्या वर गेलेल्या पाण्याला "फार जड" म्हणण्याची एक पद्धत आहे, पण आपल्याकडच्या बोअरला तो काटा लावला तर पुष्कळ घरे त्यात बसतील. नुसत्या या शब्दाने घाबरू नका.

सॉफ्टनर काय करतो?

सॉफ्टनरच्या नळकांड्यात रेझिनचे बारीक मणी असतात. मण्यांवर सोडियम बसलेले असते. पाणी मण्यांतून गेले की कॅल्शियम, मॅग्नेशियम मण्यांना चिकटतात आणि बदल्यात सोडियम पाण्यात उतरते. मणी भरले की त्यांना मिठाच्या पाण्याने धुऊन पुन्हा तयार करावे लागते. हा व्यवहार अदलाबदलीचा आहे. फुकट काहीच नाही.

म्हणून पिण्याच्या नळाला सॉफ्टनर लावू नये. ४०० मिलिग्रॅम जडपणा काढला तर लिटरमागे सुमारे १८४ मिलिग्रॅम सोडियम वाढते. दिवसाला ३ लिटर पाणी प्याले तर साडेपाचशे मिलिग्रॅम सोडियम, म्हणजे सुमारे १.४ ग्रॅम मीठ, चवीला न कळता पोटात जाते. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसभरात ५ ग्रॅमच्या आत मीठ खायला सांगते. रक्तदाबाच्या रोग्याने तर हे पाणी टाळावेच. कुंड्या आणि झाडांनाही ते घालू नये.

आता मिठाचा हिशेब

घरात ५ माणसे आणि माणशी १३५ लिटर धरले तर रोजचे ६७५ लिटर पाणी होते. ६७५ ला ४०० ने गुणून १००० ने भागा. रोजचा जडपणा २७० ग्रॅम, महिन्याचा ८ किलोच्या वर. १ किलो जडपणा काढायला कागदावर १.१७ किलो मीठ लागते, पण प्रत्यक्षात दुप्पट किंवा जास्त लागते. म्हणजे महिन्याला सुमारे २० किलो मीठ, वर्षाला २४० किलो. शिवाय मणी धुण्यात पाणी जाते ते वेगळे.

एवढे मीठ जाते कुठे? गटारात, किंवा अंगणातल्या शोषखड्ड्यात. शोषखड्ड्यात गेले तर उद्या ते आपल्याच किंवा शेजाऱ्याच्या बोअरमध्ये उतरणार. शेजाऱ्याचा हक्क काय असतो हे या साप्ताहिकाच्या वाचकांना सांगायला नको.

हाच हिशेब फक्त गिझर आणि वॉशिंग मशीनच्या नळापुरता केला, रोजचे २५० लिटर धरले, तर महिन्याला ७-८ किलो मिठात भागते. खर्च एकतृतीयांशावर येतो आणि फायदा जवळजवळ तोच राहतो. संडासात ओतायचे आणि अंगण धुवायचे पाणी मऊ करण्यात काय हशील?

विक्रेत्याचा दावा तपासायची एक किल्लीही लक्षात ठेवा. १ लिटर रेझिन एका दमात साधारण ५० ग्रॅम जडपणा काढते. नळाला लावायच्या छोट्या डबीत अर्धा लिटर रेझिन असेल तर ती २५ ग्रॅम काढील. आपल्या ४०० च्या पाण्यात म्हणजे सुमारे ६० लिटर, फक्त चार बादल्या. तेवढ्यावर ती डबी पुन्हा मिठात घालावी लागेल. कोणी म्हणाला की डबी महिनाभर चालते, तर त्याला हा गुणाकार दाखवावा.

स्वस्त इलाज आधी करावेत

एक, गिझरचे तापमान ५०-५५ अंशांवर ठेवा. आंघोळीला याहून गरम पाणी लागत नाही आणि थर कमी बसतो.

दोन, वर्षातून एकदा गिझर उघडून साफ करून घ्या आणि आतला ॲनोड रॉड बघायला सांगा. किटली, शॉवरची जाळी, नळाची जाळी यांना व्हिनेगर किंवा लिंबूसत्त्वाचे पाणी पुरते. तीव्र ॲसिड वापरू नका. कोणतेही ॲसिड ब्लीचिंगमध्ये तर कधीच मिसळू नका, विषारी वायू निघतो.

तीन, पांढऱ्या सुती कपड्यांसाठी १५ लिटरच्या बादलीत रात्री चहाचा सव्वा ते दीड चमचा धुण्याचा सोडा टाका. सकाळपर्यंत बराचसा चुना तळाशी बसेल. वरचे पाणी अलगद काढून त्यात कपडे धुवा. रेशीम आणि लोकर यांना हा सोडा चालत नाही.

चार, नळाचे मऊ पाणी थोडेच येत असेल तर ते पिणे, डाळ आणि शेवटची खळबळ यांना राखून ठेवा.

पाच, पावसाचे पाणी धरा. ५०० चौरस फूट गच्चीवर ५०० मिलिमीटर पाऊस पडला आणि पाचवा हिस्सा वाया गेला धरले तरी साडेअठरा हजार लिटर मऊ पाणी मिळते. साठवायला टाकी नसेल तर गाळून बोअरमध्ये मुरवा.

मग सॉफ्टनर कोणी घ्यावा?

आमचा ढोबळ मशविरा असा. जडपणा २०० च्या आत असेल तर विषयच सोडा. २०० ते ४०० असेल तर वरचे स्वस्त इलाज वर्षभर करून पाहा. ४०० च्या वर असेल, घर पूर्ण बोअरवर असेल आणि एलिमेंट वारंवार जळत असेल, तर फक्त गिझर आणि मशीनच्या लाइनला लहान सॉफ्टनर विचारात घ्या. ६०० च्या वर असेल तर आधी पिण्यासाठी दुसऱ्या पाण्याची सोय बघा. घरात धोबीकाम, रंगकाम किंवा सलूनचा धंदा असेल तर हिशेब बदलतो. तिथे साबण आणि कापड हाच गल्ला असतो.

घेण्याआधी एका कागदावर दोन रकमा लिहा. पहिल्या बाजूला वर्षाचे नुकसान: एलिमेंट, दुरुस्ती, जादा साबण, लवकर गेलेले कपडे. दुसऱ्या बाजूला सॉफ्टनरची किंमत भागिले तो टिकेल ती वर्षे, अधिक वर्षाचे मीठ, अधिक देखभाल. दुसरी रक्कम मोठी असेल तर सौदा तोट्याचा आहे, हप्ता कितीही लहान दिसला तरी.

विक्रेत्याला पाच प्रश्न जरूर विचारा. रेझिन किती लिटर आहे? माझ्या जडपण्याला किती लिटर पाण्यानंतर मीठ घालावे लागेल? एका वेळी मीठ किती? मिठाचे पाणी कुठे सोडणार? बसवल्यानंतर जडपणा किती उरेल हे बिलावर लिहून देणार काय? चुंबक किंवा विजेच्या पट्टीवर चालणारे, मीठ न लागणारे यंत्र दाखवले तर शेवटचा प्रश्न दोनदा विचारा, कारण तसल्या यंत्राने कॅल्शियम पाण्यातून बाहेर निघत नाही. जो विक्रेता लिहून देतो त्याच्याशी बोलणी पुढे चालवा. जो लिहून देत नाही, त्याला चहा पाजून निरोप द्यावा.